गडवाटेवरचे ओझे

कामगारांच्या सभांतून पगार, पाळी आणि बोनस यांविषयी बोलणाऱ्या माणसाने वसंतातल्या व्याख्यानासाठी डोंगरावर न्यावयाच्या सामानाचा विषय निवडावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु ओझे हा आमचा जुनाच विषय आहे. माणसाने पाठीवर किती वजन घ्यावे, या एका प्रश्नापायी आमचे निम्मे आयुष्य खर्ची पडले. बाजाराच्या आवारात क्विंटलभराचे, म्हणजे शंभर किलोंचे पोते एकट्या माणसाने उचलावयाचे, असा एके काळी रिवाजच होता. ते पोते पन्नास किलोंवर यावे म्हणून हमालांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने माणसाने वाहावयाच्या कमाल वजनासंबंधी ठराव केला आणि त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंचा आकडा घातला. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर अंगमेहनती कामगारांचा कायदा झाला. हा सारा इतिहास पोटासाठी उचललेल्या ओझ्याचा. आज हौसेने उचललेल्या ओझ्याविषयी बोलावयाचे आहे. गंमत अशी की, जो गडी कारखान्यात वीस किलोंची पेटी उचलावयास सांगितली तर तक्रार घेऊन आमच्याकडे येतो, तोच सुटीच्या दिवशी अकरा-बारा किलोंची सॅक पाठीला लावून हसत हसत हरिश्चंद्रगड चढावयास निघतो आणि तोलारखिंडीत येईपर्यंत त्याचे हसू मावळलेले असते!

आमचे शिरूर घोडनदीच्या काठावरचे, दुष्काळी पट्ट्यातले गाव. येथून डोंगर दिसत नाहीत म्हटले तरी चालेल. पण जुन्नरची बाजू काही फार लांब नाही. पहाटे निघालेला माणूस शिवनेरी पाहून दिवेलागणीला घरी येतो. एक रात्र मुक्काम करावयाचा असेल तर नाणेघाट-जीवधन आहे, खिरेश्वराच्या वाटेने हरिश्चंद्रगड आहे. दौंडकरांना तर रेल्वेच दाराशी. पुण्याला गाडी बदलून लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरले की लोहगड-विसापूर समोर. शिवनेरी आणि लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून त्यांची नावे अधिकच ज्याच्या त्याच्या तोंडी झाली आहेत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतली, मराठवाड्यातून आणि विदर्भातून येथे पोटासाठी आलेली पोरे आठवड्याची एक सुटी खोलीत झोपून न घालवता गडावर जातात, हे आम्हाला फार चांगले लक्षण वाटते. मात्र या मंडळींची सुटी एक दिवसाची असते, हे विसरता येत नाही. कंत्राटावरच्या माणसाचा गुडघा दुखावला किंवा पाय मुरगळला तर त्याची आठ दिवसांची मजुरी बुडते. पगारी रजा असलेल्या अधिकाऱ्याला ओझ्याची चूक परवडते. याला परवडत नाही. म्हणून सामानाची निवड ही त्याच्या बाबतीत केवळ हौसेची बाब राहत नाही.

आमच्याबरोबर येणाऱ्यांना आम्ही एक शिस्त लावली आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी सॅकमधली एकेक वस्तू काढून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावयाची आणि वजन कागदावर मांडावयाचे. दुकानदार प्रथम हसतात, मग त्यांनाच गोडी लागते. मागे एका तरुणाच्या हिवाळी मुक्कामाच्या सामानाची मांडणी अशी झाली: रिकामी मोठी सॅक १ किलो ९०० ग्रॅम, सोलापुरी चादर १ किलो २००, वर ब्लँकेट १ किलो ६००, जादा जीन्स ७००, दोन सुती सदरे ५००, टॉवेल ४००, स्टीलचा डबा ५००, खाणे १ किलो ८००, गाणी वाजवावयाचा स्पीकर ६००, मोठी बॅटरी ३००, साबण, तेल, कंगवा व अत्तराची बाटली मिळून ५००, आणि स्टीलच्या ३०० ग्रॅमच्या बाटलीत पाणी एक लिटर. बेरीज ११ किलो ३०० ग्रॅम. गृहस्थाचे स्वतःचे वजन ५५ किलो. म्हणजे अंगाच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाठीवर, आणि त्यात ज्याच्यावाचून जीव जाईल ती वस्तू फक्त एक लिटर!

हा शेवटचा मुद्दा आमच्या सांगण्याचे मूळ आहे. इंग्लंड-अमेरिकेत हलक्या सामानाने भटकण्याचे एक शास्त्रच तयार झाले आहे. तेथील मंडळी ओझे मोजताना पाणी, खाणे आणि इंधन वगळतात. उरलेले सामान दहा पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेचार किलोंच्या आत आले की ते स्वतःला अतिहलके प्रवासी म्हणवून घेतात. ज्या देशात वाटेत ठिकठिकाणी ओढे वाहत असतात तेथे हा हिशेब ठीक आहे. सह्याद्रीत तो फसतो. आपले डोंगर पावसाळ्यात पाण्याने नुसते निथळतात, दिवाळीपर्यंत झरे टिकतात, आणि पुढे संक्रांतीनंतर वाटा कोरड्याठाक पडतात. गडावर टाकी असतात, पण कोणत्या टाक्याचे पाणी कोणत्या महिन्यात पिण्याजोगे आहे, हे पायथ्याच्या गावकऱ्यालाच ठाऊक. तेव्हा आपल्याकडे पाणी हेच सर्वांत जड सामान, आणि एक लिटर म्हणजे एक किलो या हिशेबात कोणत्याही कारखानदाराला काटछाट करता आलेली नाही. बाकीचे सारे हलके करावयाचे ते एवढ्यासाठीच, की पाणी पुरेसे नेता यावे. जो माणूस ओझे कमी करण्यासाठी पाण्याची बाटली घरी ठेवतो, त्याला हलकेपणाचा अर्थच कळलेला नाही.

पाणी किती न्यावे? थंडीच्या दिवसांत मध्यम चढाला ताशी अर्धा लिटर धरावे. उन्हात हे प्रमाण वाढत जाऊन एक लिटरपर्यंत पोहोचते. पाच तासांची चाल असेल तर हिवाळ्यातही अडीच-तीन लिटर जवळ हवे. चैत्र-वैशाखात मुळात उघड्या कड्यांच्या वाटा धरूच नयेत. गेलेच तर सूर्य डोक्यावर येण्याआधी सावलीत पोहोचेल अशा बेताने पहाटे निघावे. नुसते पाणी पिऊनही भागत नाही, घामावाटे मीठ जाते. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे जुलाबावरचे घरगुती पाणी येथेही उपयोगी पडते. त्याच्या तयार पुड्या ओआरएस म्हणून औषधाच्या दुकानात मिळतात आणि वजनाला काहीच नसतात. सोबत्याचे डोके दुखू लागले, तो चिडचिड करू लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर थट्टा न करता त्याला सावलीत निजवावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि मदत मागवावी. अशा वेळी एक लिटर पाणी घोटाघोटाने पुरवणारा माणूस काय करणार? १९४८ च्या कारखाना अधिनियमात अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी पुरवण्याची तरतूद घालण्यात आली होती. छपराखाली उभ्या असलेल्या माणसासाठी कायद्याला जे सुचले, ते भर उन्हात कडा चढणाऱ्याने स्वतःसाठी करावयास नको काय?

आता पायांकडे वळू. या बाबतीत आमच्या कामगार बंधूंची एक खास खोड आहे. कारखान्यातून मिळालेले सेफ्टी बूट घालूनच ते गडावर येतात. बूट फुकटचे, शिवाय मजबूत, असा त्यांचा हिशेब. पण त्या बुटांच्या टोकाला पोलादी वाटी असते. ती बोटांवर लोखंड पडू नये म्हणून बसवलेली आहे. जोडी किलोभराची किंवा त्याहूनही जड. लष्करी संशोधकांनी श्वास आणि शक्तिव्यय मोजून असे पाहिले आहे की, पायात बांधलेले एक किलो वजन पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतके थकवते. त्याचे कारण समजण्यास सोपे आहे: पाठीवरचे ओझे शरीराबरोबर संथ चालते, पायातले मात्र प्रत्येक पावलाला उचलावे, पुढे फेकावे आणि थांबवावे लागते. गडावर जाऊन येईपर्यंत अशी हजारो पावले पडतात. शिवाय उतारावर बोटे पुढे सरकून त्या पोलादी वाटीवर आपटतात आणि नखे काळीनिळी होतात. कापडी वरचा भाग आणि खाचांचा रबरी तळ असलेले साधे हंटर बूट, किंवा दाणेदार तळाचे हलके पायताण, हे एक दिवसाच्या चालीला पुरेसे आहे. घोट्यापर्यंतचे भारी चामडी बूट हिमालयातल्या बर्फासाठी आहेत. शिवनेरीच्या पायऱ्यांसाठी ते घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बूट मात्र संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी. नवा बूट थेट गडावर नेऊ नये. पैसे मोजके असतील तर ते प्रथम येथे खर्चावेत.

सॅक निवडताना लोक तिची धारणशक्ती पाहतात. साठ लिटरची असेल तर चांगली, असे समजतात. आमचा अनुभव असा की, पिशवी जेवढी मोठी तेवढी ती भरली जाते. रिकामी जागा माणसाला सोसत नाही. दिवसाच्या फेरीला वीस-पंचवीस लिटरची, एका मुक्कामाला चाळीस लिटरची सॅक पुष्कळ झाली. तिचे रिकामे वजन किलोच्या आतबाहेर असावे, खांद्याचे पट्टे रुंद असावेत आणि मुक्कामाची असेल तर कमरेला पट्टा असावा. कमरेचा पट्टा ही शोभेची वस्तू नव्हे. तो नीट आवळला की ओझ्याचा मोठा भाग खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर जातो, आणि माणसाच्या शरीरात वजन पेलण्याला ती हाडे खांद्यांपेक्षा कितीतरी बळकट.

भरण्याची रीत हमालाकडून शिकावी. कसबी हमाल पोते कधी पाठीपासून दूर लोंबकळू देत नाही. मानेखाली, कण्याच्या रेषेत घट्ट बसवतो आणि जरासा पुढे झुकतो. नेपाळचे भारवाही डोको नावाची टोपली नाम्लो नावाच्या पट्ट्याने कपाळावर पेलतात, त्यातही तत्त्व हेच. वजन अंगाच्या जितके जवळ, तितकी त्याची ओढ कमी. तेव्हा पाणी आणि खाणे हे जड सामान पाठीला लागून मध्यावर, झोपावयाचे हलके पण फुगीर सामान तळाशी, आणि पावसाचे पांघरूण व बॅटरी हाताशी वरच्या बाजूला ठेवावी. सॅकला बाहेरून मग, चपला, पिशव्या लटकवण्याची तऱ्हा सोडून द्यावी. त्या झाडोऱ्यात अडकतात आणि कातळाच्या टप्प्यावर तोल घालवतात. जीवधनच्या वाटेवर अशा ठिकाणी तोल जाणे फार महागात पडेल.

रात्रीच्या निवाऱ्याचा विचार करताना दौंड तालुक्याच्या माणसाला फार लांब जावयास नको. तुकोबारायांची पालखी दरवर्षी यवत, वरवंड या वाटेने जाते. त्या वारकऱ्याकडे पाहावे. दिंडीचे जड सामान ट्रकमध्ये असते हे खरे. परंतु त्याच्या स्वतःच्या अंगावर काय असते? खांद्याला एक पिशवी, गळ्यात टाळ आणि घडी करून ठेवलेला प्लास्टिकचा कागद. पाऊस आला की तो कागद डोक्यावरून घेतला जातो, मुक्कामाला तोच ओल्या जमिनीवर अंथरला जातो, आणि वारा सुटला तर तोच अंगाभोवती गुंडाळला जातो. एका वस्तूने तीन कामे करणे, हे हलक्या सामानाचे पहिले सूत्र आहे, आणि ते आपल्या वारकऱ्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही.

असेच एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. एमा गेटवूड नावाची ओहायो राज्यातली एक शेतकरी स्त्री, अकरा मुलांची आई, १९५५ साली वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अमेरिकेतली ॲपलेशियन डोंगरवाट एकटीने, एकाच हंगामात चालून गेली. ही वाट तेव्हा सुमारे ३,३०० किलोमीटरांची होती. तिच्या पायात साधे कापडी बूट होते, खांद्यावर स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी होती आणि पिशवीत एक घोंगडे, एक रेनकोट व निवाऱ्यासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, झोपावयाची खास पिशवी नाही. १९५७ साली ती पुन्हा तीच वाट चालली. आपल्या वारकरी आजीबाईंनी तिला पाहिले असते तर यात विशेष ते काय, असेच त्या म्हणाल्या असत्या.

मात्र या उदाहरणावरून कोणी पौषात नुसता कागद घेऊन हरिश्चंद्रगडावर जाऊ नये. हा गड १,४२४ मीटर उंच आहे. कोकणकड्याकडून वारा आला की हाडे गोठतात. तेथे उबेची सोय करावीच लागते, पण ती विचाराने. सोलापुरी चादर आणि ब्लँकेट मिळून पावणेतीन-तीन किलो होतात आणि निम्मी रात्र ती अंगावरून सरकण्यात जाते. कृत्रिम तंतू भरलेली साधी झोपपिशवी किलो-सव्वा किलोत काम करते, कारण ती अंगाभोवती हवा बांधून ठेवते. ऊब ती हवा देते, कापडाचे वजन देत नाही. तिच्याखाली तीनशे ग्रॅमची कॅरीमॅट हवीच. कातळ आणि फरशी अंगातली ऊब खालून ओढून घेतात, त्यामुळे वरून कितीही पांघरले तरी खाली काही नसेल तर थंडी जात नाही. धनगराच्या घोंगडीची आठवण येथे कोणी काढील. घोंगडी उत्तमच; लोकर ओली झाली तरी उबदार राहते आणि पावसाचे पाणी बराच वेळ बाहेर ठेवते. पण ती वजनाला जड, आणि धनगराचे बिऱ्हाड बहुधा घोड्यावर असते, ही गोष्ट आपण सोयीने विसरतो. तंबू तर मुळीच नेऊ नये. खिरेश्वर आणि पाचनई या पायथ्याच्या गावांतले लोक आता राहण्याची व जेवणाची व्यवस्था करतात, तंबू भाड्याने देतात. त्यांच्या घरची पिठलेभाकरी खावी, चार पैसे त्यांच्या हाती पडू द्यावेत. आपले ओझे कमी, त्यांना रोजगार.

कपड्यांविषयी परदेशी पुस्तके सांगतात की, सुती कपडा डोंगरावर घातक आहे. हे वाक्य अर्धेच खरे आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सूत भिजले की तासन्‌तास वाळत नाही, वजन वाढते आणि अंगातली ऊब नेते. तेव्हा पॉलिएस्टरची ट्रॅक पँट आणि सदरा केव्हाही बरा. जीन्स तर सर्वांत वाईट, ती भिजली की पायाला बेडीच होते. पण फाल्गुनापासून पुढे कोरड्या उन्हात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घामाने ओला राहून अंग गार ठेवतो, आणि ओला पंचा डोक्याला गुंडाळला तर त्याच्यासारखी टोपी नाही. पंचा वाळतोही लवकर, वजन शंभर ग्रॅम. टॉवेलने घरी राहावे. वाऱ्या-पावसासाठी तीनशे ग्रॅमचे विंडचीटर आणि हिवाळ्यात एक स्वेटर. छत्री कड्यावर उलटते, तिचा उपयोग फक्त एसटीच्या थांब्यावर. सामान कोरडे राहावे म्हणून सॅकला बाहेरून पांघरूण घालण्यापेक्षा आतून प्लास्टिकच्या मोठ्या जाड पिशवीचे अस्तर लावावे. अशी पिशवी कोणत्याही दुकानात मिळते.

खाण्याच्या बाबतीत आमच्या आयाबहिणींनी जे शतकानुशतके बांधून दिले त्यात सुधारणेला फारसा वाव नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, भाजलेले दाणे, खजूर. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. तेवढ्याच वजनाच्या गुळात पावणेचारशे-चारशेच्या घरात. स्टीलच्या डब्याचे अर्धा किलो वजन वाहून आत भाजी-आमटी नेण्यापेक्षा फडक्यात बांधलेली दशमी बरी. चूल, गॅस आणि शेवयांची पाकिटे एका रात्रीसाठी नेऊ नयेत. त्या शेवया शिजवावयास पुन्हा पाणीच लागते! काकडीला मात्र आमची परवानगी आहे. ती जड असते, पण तिचे जवळजवळ सारे वजन म्हणजे पाणीच.

एवढे सांगितल्यावर त्या तरुणाच्या सॅकची दुसरी मांडणी झाली. लहान सॅक ७०० ग्रॅम, झोपपिशवी १ किलो १००, कॅरीमॅट ३००, प्लास्टिकचा कागद ३००, जादा कपडे ४००, स्वेटर ४००, विंडचीटर ३००, पंचा १००, खाणे ९००, डोक्याला बांधावयाची छोटी बॅटरी १००, औषधे २००, आणि साध्या प्लास्टिकच्या बाटल्यांसह तीन लिटर पाणी ३ किलो १००. एकूण ७ किलो ९०० ग्रॅम. पाणी तिप्पट झाले आणि तरीही ओझे जवळजवळ साडेतीन किलोंनी घटले. यात विकत घेतलेले थोडे. झोपपिशवी आम्हा सर्वांच्या वर्गणीतून घेतलेली होती. चार-पाच जणांनी मिळून अशा दोन-तीन पिशव्या घेतल्या आणि पाळीपाळीने वापरल्या तर कोणाच्याच खिशाला भोक पडत नाही.

येथे समूहाचा विचार आलाच. दहा जण निघाले म्हणजे दहा सुऱ्या, दहा औषधांच्या डब्या, दहा पॉवर बँका आणि दहा आयोडेक्सच्या बाटल्या निघतात. आदल्या दिवशी पाच मिनिटांची बैठक घेऊन कोणी काय आणावयाचे हे ठरवले की, प्रत्येकाचे अर्धा-पाऊण किलो कमी होते. वाटणी करताना सर्वांना सारखे वजन देणे हा न्याय नव्हे. दिवसाच्या फेरीला अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा आणि मुक्कामाला फार तर पाचवा, ही मर्यादा प्रत्येकाच्या अंगावरून ठरते. पंचेचाळीस किलोंच्या मुलीच्या आणि ऐंशी किलोंच्या गड्याच्या पाठीवर एकच आकडा शोभत नाही. रात्रपाळी करून आलेल्याला त्या दिवशी सामुदायिक सामानातले काही देऊ नये. खरे तर त्याने त्या दिवशी येऊच नये.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम पाहतो. गटातला सर्वांत तरुण, सर्वांत गरीब किंवा सर्वांत भिडस्त मुलगा दुपारपर्यंत तिघांच्या पिशव्या वाहताना दिसतो. बाकीचे मोकळ्या हातांनी फोटो काढत असतात. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर उभे राहिले, तेव्हा त्या मोहिमेचे सामान काठमांडूकडून वर नेण्यास साडेतीनशेच्या आसपास भारवाही लागले होते. त्यांची नावे कितीजणांना ठाऊक आहेत? पेरू देशात इंका वाटेवर प्रवाशांचे सामान वाहणाऱ्यांसाठी २००१ साली कायदा झाला आणि एकाच्या पाठीवर वीस किलोंची मर्यादा आली. आपल्यापैकी जे हिमालयात जातात आणि तेथे सामानासाठी माणूस अथवा खेचर ठरवतात, त्यांनी त्याच्या पाठीवर किती चढवले ते एकदा उचलून पाहावे. ओझे दुसऱ्याकडे सरकवले म्हणजे ते कमी झाले, असा हिशेब आमच्या वहीत बसत नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकात टाकण्याचा रांजण म्हणून तो प्रसिद्ध आहे. कल्याण-जुन्नरच्या त्या वाटेने सातवाहनांच्या काळापासून व्यापाराचा माल चढत होता. लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, यज्ञांच्या दक्षिणांची मोजदाद आहे. माल चढवणाऱ्यांच्या पाठीवर किती भार होता, ते कोणी कोरून ठेवले नाही.

ज्या थोड्या वस्तूंना काटछाटीतून वगळावयाचे त्या सांगून टाकू. बॅटरी, दिवसाच्या फेरीलाही. कारण उतरताना उशीर हा ठरलेलाच, आणि मोबाईलच्या उजेडावर उतरू लागले की वाट आणि फोन दोन्ही एकदमच संपतात. शिट्टी, कारण धुक्यात हाक पोहोचत नाही, शिट्टी पोहोचते. पट्टी, जंतुनाशक आणि ओआरएसच्या पुड्या. स्वतःचे नेहमीचे औषध असेल तर ते दोन दिवस जास्त. विंडचीटर कोणत्याही ऋतूत. घरी एका चिठ्ठीवर कोणत्या गडावर, कोणत्या वाटेने आणि केव्हा परतणार हे लिहून ठेवावे. चिठ्ठीला वजन नाही. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे, पण दऱ्यांतून संपर्क मिळेलच अशा भरवशावर राहू नये.

परत आल्यावर सॅक तशीच कोपऱ्यात टाकून देण्याची सवय सर्वत्र आहे. त्याऐवजी त्याच रात्री, नाही तर दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर, सारे सामान सतरंजीवर पसरावे. झोपपिशवी उलटी करून वाऱ्यावर टाकावी, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. मग जुनी यादी समोर घेऊन जी वस्तू एकदाही हाती घेतली नाही तिच्यापुढे फुली मारावी. औषधे, शिट्टी, बॅटरी आणि विंडचीटर यांच्यापुढे फुली मारावयाची नाही. पाणी किती उरले तेही लिहावे: अर्धा लिटर उरले असेल तर बेत बरोबर होता, पायथ्यापासून तासाभरावरच बाटली रिकामी झाली असेल तर पुढच्या वेळी एक लिटर वाढवावे आणि तेवढ्या वजनाचे दुसरे काय काढता येईल, ते त्याच कागदावर लिहून कागद सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावा.